पाण्याखालचा दिवा

दिवा आणि पाणी यांची ओळख आपण फार जपून करून दिलेली आहे. द्रोणात वात पेटवून आपण ती तळ्यावर सोडतो. पण पाण्यावर, पाण्यात नव्हे. पणतीत एक थेंब पडला तरी ती तडतडून आपली नापसंती कळविते. असे असता पाण्याच्या पोटात, माणसाच्या हातात दिवा जळत राहावा, ही कल्पना माझ्या भाच्याच्या डोक्यात शिरली, आणि श्रावणापासून ताईच्या घरची झोप उडाली.

हा मुलगा गेल्या वर्षी मालवणजवळ तारकर्लीला जाऊन आला. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकविणारी संस्था आहे. आम्ही सोलापूरची माणसे! उन्हाळ्यात घागरभर पाण्याचा हिशेब ठेवणारी! त्या घरातला मुलगा समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगू लागला. खोल जावे तसा तांबडा रंग सर्वांत आधी मावळतो, आणि दहापंधरा मीटरखाली तांबडा मासादेखील करडा दिसतो, असे तो म्हणाला. दिवा जवळ नेला की तांबडेपण परत येते. "मामा, रंग तिथंच असतात. उजेड पोचत नाही एवढंच." आता त्याला रात्रीची बुडी मारायची होती. विकतच्या दिव्याची किंमत ऐकून ताईने माझ्याकडे नुसते पाहिले. तेव्हा दिवा घरीच करायचे ठरले.

मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या मला वाटले होते की, यात अवघड भाग दिव्याचा असेल. तो सर्वांत सोपा निघाला. एलईडीचा कण मसुराच्या डाळीएवढा. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी अमेरिकेत १९६२ साली तयार झाला. पण तेजस्वी निळा हाती यायला १९९३ साल उजाडावे लागले. निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. आपल्या दारातल्या आकाशकंदिलातही आता बहुधा तोच असतो. या निळ्या प्रकाशासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी एवढे करून ठेवल्यावर भाच्याला तारा जोडण्यापलीकडे फारसे काम उरले नव्हते.

खरी परीक्षा होती ती कवचाची. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात लेथवर अॅल्युमिनियमच्या दांड्यातून नळकांडे कातून घेतले. एलईडी तापतो, तो ताप धातूतून पाण्यात उतरतो. म्हणून असा दिवा पाण्याबाहेर फार वेळ पेटता ठेवायचा नाही! तोंडाशी अॅक्रिलिकची जाड चकती, आणि तिच्याखाली खाचेत बसविलेली रबराची गोल कडी. पाण्यात दर १० मीटरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा भार वाढतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर १० मीटर खोलीला तो जवळजवळ २० किलो होतो. हा हिशेब भाच्याने मोठ्या कौतुकाने आईला सांगितला. तो तिला नको तेवढा समजला.

"आधी तुझा दिवा रात्रभर विहिरीत राहील," ती म्हणाली, "मग माझं पोरगं पाण्यात जाईल."

मळ्यातली विहीर पावसाने भरली होती. पाच पुरुष पाणी होते. नळकांड्यात एलईडी नाही, बॅटरी नाही. फक्त माझ्या शाळेतल्या कपाटातला टिपकागद, आणि त्यावर मी शाईने दिलेले चार ठिपके. दगड बांधून ते दोराने तळाशी सोडले. सकाळी उघडले, तो ठिपके फुलासारखे फुलले होते!

भाच्याने भिंग घेतले. खाचेत एक पांढरा धागा आडवा पडला होता, बोटाच्या पेराएवढा. ताईच्या घरी खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग चालतात. सुताची पिंज जिन्याने वर येते आणि देवाच्या तसबिरीवरही बसते. पाणी टिपणे हा ज्याचा धर्म, त्या आमच्या सोलापुरी सुताने पाण्याला वाट दाखवून दिली होती.

मग सुधारणा सुरू झाल्या. एका कडीच्या दोन झाल्या. बटणासाठी पाडलेले भोक ज्या झाकणात होते ते झाकणच टाकून नवे कातले. कारण भाच्याच्या मते प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. आता आत काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पट्ट्या आहेत. बाहेरून लोहचुंबक सरकवले की त्या एकमेकींना चिकटतात आणि दिवा लागतो. कडी फडक्याने पुसायची नाही, बोटाने चाचपायची, आणि ग्रीसचा हात नुसता लावल्यासारखा करायचा. पुढे तीन रात्री दिवा विहिरीत राहिला. तिन्ही सकाळी ताई स्वतः काठावर आली. तिन्ही वेळा टिपकागद कोरडा निघाला.

चौथ्या दिवशी दिवा आत पेटला. विहिरीचा तळ हिरवा उजळला, आणि कधी काळी पडलेली कोणाची तरी कळशी स्पष्ट दिसली. आम्ही सारे ओरडलो. ताई मात्र म्हणाली, "आणि हा विझला तर? दुसरा कुठाय?"

भाचा हसला. रात्रीच्या बुडीला प्रत्येकाने दोन दिवे न्यावेत, अशी पाणबुड्यांचीही शिकवण आहे. कोणत्याही समुद्रात न उतरलेल्या माझ्या बहिणीला ती आपोआप ठाऊक होती.

दुसरा दिवा आता होत आला आहे. भाऊबीज झाली की स्वारी शिक्षकाबरोबर बुडी मारायला तारकर्लीला निघेल. परवा मी गेलो, तेव्हा एकीकडे अनारसे तळणे चालले होते. ताई हात धुऊन आली, तिने चष्मा लावला आणि ती काळी कडी उजेडात धरून, बोट हळूहळू फिरवीत, कुठे धागा लागतो का ते पाहू लागली.