पक्कड नको

गिटारच्या पोटावर, तारा जिथे संपतात त्या लाकडी पट्टीत, म्हणजे ब्रिजमध्ये, सहा बुटकी डोकी एका ओळीत बसलेली असतात. पांढरी किंवा काळी; गिटार जरा बरी असली तर प्रत्येकाच्या माथ्यावर शिंपल्याचा एक ठिपका. न वाजवणाऱ्याला ती नक्षी वाटते. वाजवणाऱ्यालाही पहिली तार तुटेपर्यंत ती नक्षीच वाटते. तार तुटली की कळतं, या डोक्यांना खाली शरीर आहे: तीनेक सेंटिमीटर लांबीची, टोकाकडे निमुळती होत गेलेली खिटी, म्हणजेच पिन. आणि ती आपली जागा सोडायला तयार नाही.

माझ्या बहिणीचं घर सुरतेत, लिंबायतला. गल्लीत कानावर पडते अहिराणी, दुकानांच्या पाट्यांवर गुजराती, आणि या सगळ्याच्या वर यंत्रमागांचा खडखडाट. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं सुरत-भुसावळ गाडीने इथे कामाला आली आणि इथलीच झाली. दुपारी घराघरांत बायका साड्यांना लेस शिवत, टिकल्या चिकटवत बसतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि भाच्याच्या गिटारचं पोट किंचित फुगून तारा मानेवरच्या पट्टीपासून वर उचलल्या जातात. खाऱ्या दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात, गंजल्या की तुटतात. मग घरभर एकच शोध सुरू होतो.

“मामा, पक्कड दे ना.”

मराठी माणसाला सुरतेतून बळ लावून काहीतरी काढून न्यायची सवय जुनीच आहे, १६६४ ची. पण शिवाजी महाराज आले त्याआधी बहिर्जी नाईकांनी शहराची खडान्‌खडा माहिती काढून ठेवली होती, असं सांगतात. आत काय आहे, कुठे आहे, कशाने अडकलंय, हे ठाऊक नसताना ओढाओढ करण्यात मर्दुमकी नाही.

पकडीचं म्हणणं सरळ असतं: धरायचं, पिळायचं, उपटायचं. तिचे दात पिनेच्या डोक्यावर उमटतात, ते एक वेळ चालेल. पण स्वस्त गिटारच्या पिना प्लास्टिकच्या. डोकं तुटून पकडीत येतं आणि धड भोकात राहतं. कधी हात सटकतो आणि लाकडावर कायमचा ओरखडा उठतो. एवढं करून, ज्या गोष्टीवर आपण राग काढला ती मुळात दोषी नसतेच.

कारण पिनेने तार धरून ठेवलेली नसते. वरून पाहताना तसं वाटतं खरं. पण तारेच्या शेवटाला पितळेचा एक छोटा मणी असतो. तंबोऱ्यालाही मणी असतो, पण तो सूर बारकाईने मिळवायला. गिटारचा मणी नुसता अडून बसायला. भोकातून तो आत गेला की ब्रिजखाली चिकटवलेल्या मेपलसारख्या कठीण लाकडाच्या पातळ फळीला आतून टेकतो. तारेला वरून ताण दिला की मणी त्या फळीवर आणखी घट्ट बसतो. नेहमीच्या बाराच्या सेटमध्ये, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या १२ हजारांश जाडीची असते त्यात, सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या पुढे जातो. धडधाकट माणसाचं वजन. ते त्या चिमुकल्या पिनांनी नुसत्या घर्षणावर पेललं असतं, तर पहिल्याच सुराला त्या छतावर जाऊन आदळल्या असत्या. मणी नीट न बसता पिनेच्या टोकाखाली अडकला, तर त्या खरोखरच उडतात. पिनेकडे काम एकच: आलेल्या मण्याला परतीची वाट मोकळी ठेवायची नाही.

म्हणजे ती पाचर आहे. पाचरीचं नाव काढलं की पंचतंत्रातलं माकड आठवतंच. करटक दमनकाला सांगतो ती गोष्ट: अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून, कुणी न सांगता, माकड दोन्ही हातांनी पाचर उपटतं आणि चिरेत सापडून मरतं. लहानपणी तिचं तात्पर्य पाठ करून घेतलं, नको त्या कामात नाक खुपसू नये. माझ्या मते त्या माकडाचं चुकलं ते यंत्रशास्त्रात. पाचर काढण्याआधी तिच्यावरचा दाब काढायचा असतो, एवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा आधी खुंट्या सोडायच्या, तार पार ढिली होऊन लोंबेपर्यंत. मग ती तार बोटांत धरून भोकात आत ढकलायची. हो, आत. मण्याजवळ तार पीळ घालून जाड केलेली असते आणि पिनेच्या खाचेत रुतते ती तिथेच, विशेषतः खर्जाच्या तारांची. तार अर्धा सेंटिमीटर खाली सरकली की मणी फळीपासून सुटतो, पीळ खाचेतून मोकळा होतो, आणि मघाशी दगड झालेली पिन नखानेही वर येते.

नखाने नाही आली तर हत्यारं आहेत. खुंट्या भराभर फिरवायला प्लास्टिकचा स्ट्रिंग वाइंडर मिळतो. त्याच्या एका टोकाला छोटी खाच असते, ती पिनेच्या डोक्याखाली सरकवून हलकेच उचलायचं. स्वस्त वाइंडरची खाच जाडी असते, डोक्याखाली जातच नाही. खास पिनांसाठी बनवलेल्या चपट्या जबड्याच्या पकडीही असतात. चांगल्या असतात, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच्या कामाला तेवढे पैसे मी घालणार नाही. चमच्याची कड चालते, मात्र टेकू द्यायचा तो ब्रिजवर चिंधीची घडी ठेवून. चिंधीला सुरतेत तोटा नाही. रिंग रोडच्या कापडबाजारातून ती पोत्यांनी बाहेर पडते.

तुटकं धड भोकात राहिलं असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. तेव्हा हात मधल्या गोल भोकातून आत घालायचा आणि पिन खालून वर ढकलायची. हे भोक साधारण १० सेंटिमीटरचं. माझा पंजा तिथे अडतो, भाच्याचा सहज जातो. पुस्तकी सल्ला असतो की हातात एक नाणं धरावं. नाणं गुळगुळीत, पिनेचं टोक त्यावरून निसटतं. बहिणीच्या शिवणाच्या डब्यातलं अंगुस्तान त्याहून बरं निघालं. त्याच्यावरच्या खळग्यांत टोक बसतं, बोटाला टोचत नाही, आणि आतल्या काळोखात डोळ्यांऐवजी बोटानेच पाहायचं असतं. एक दाब, आणि पिन वर आली. बहीण म्हणाली, “अंगुस्तान जागेवर ठेवा म्हणजे झालं.” ती साडीवरून मान वर न करताच बोलत होती.

तिच्या मांडीवरच्या साडीत जरीची बारीक किनार होती, आणि भाच्याच्या हातात खर्जाची तुटकी तार. दोन्हींची घडण एकच आहे हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. सुरतेची अस्सल जर करतात ती अशी: चांदीची कांब छिद्रांच्या पट्टीतून ओढत ओढत केसाइतकी बारीक करायची, चेपून तिचा चपटा बादला करायचा, आणि तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा. तो झाला कसब. त्यावर सोन्याचा मुलामा. गिटारच्या खर्जाच्या तारेत पोलादाचा गाभा आणि त्यावर कांशाचं वेटोळं. आणि १९४० च्या दशकात नायलॉन येईपर्यंत स्पॅनिश घडणीच्या गिटारला खर्जासाठी लागे ती तार रेशमाच्या गाभ्याचीच, वरून चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली. म्हणजे जवळजवळ कसबच. एका शहरात तिने पदर जड झाला, दुसरीकडे षड्ज. रेशीम आणि पोलाद दोन्हींचा गाभा असलेल्या तारा आजही मिळतात. बोटांना मऊ, आवाजाला जरा लाजऱ्या.

स्पॅनिश गिटारला पिना नसतात, तिथे तार ब्रिजलाच गाठ मारून बांधतात. पिनांचं कूळ वेगळं. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला दुकान थाटणाऱ्या सी. एफ. मार्टिनच्या जुन्या गिटारांवर त्या सापडतात, आतड्याच्या तारांच्या काळातल्या. पोलादी तारा सर्रास आल्या त्या १९२० च्या दशकात. पिना त्याआधीपासून होत्याच. त्या तेव्हा आबनुसाच्या किंवा हस्तिदंताच्या. हेच दोन जिन्नस सुरतेच्या कारागिरांच्याही हातात होते. आबनूस, हस्तिदंत, रंगवलेलं शिंग आणि कथिल यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून, मग त्यांचे आडवे पातळ काप काढून चंदनाच्या पेट्यांवर बसवायचे, ते सादेली काम. पेट्या करणारे पारशी पेटीगरा म्हणून ओळखले गेले. हस्तिदंताचा जागतिक व्यापार १९८९ च्या ठरावाने बंद झाला, आणि ते योग्यच झालं. गिटारच्या खिटीसाठी हत्ती मारावा इतकी ती खिटी मोठी नाही.

आता हाडाच्या मिळतात. म्हशीच्या, बैलाच्या. भाच्याने मोबाइलवर त्या दाखवल्या. प्लास्टिकच्या काढून या घातल्या की आवाज उजळतो, घुमतो, असं विकणारा सांगतो. बैठक पक्की होते, एवढं मी मान्य करीन. भोकाचा उतार आणि पिनेचा उतार जुळला, तर. हा उतार कुठे तीन अंशांचा, कुठे पाच. न मोजता मागवलेली पिन एक तर निम्मी बाहेर राहते, नाही तर आत डुगडुगते. उजळण्याबिजळण्याचं मला ऐकू आलेलं नाही.

“मामा, तुला नाही येत ऐकू. मला येतं.”

“बरं. मग आधी नव्या तारा घाल, आणि आहेत त्याच पिना लाव. खाच तारेकडे कर. तार वर ओढून मणी टेकू दे, मग सूर चढव. पिन ठोकायची नाही, नुसती अंगठ्याने दाबून धरायची. त्यानंतर हाडाच्या मागव. पैसे मी देतो.”

त्याने कॅल्क्युलेटर काढला. सहांचा सेट आणि पाठवणावळ वेगळी.