गोळेश्वरचं कांस्यपदक

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालं की कऱ्हाडला गाडी थांबते ती बहुधा चहापुरती. फार तर कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहायचा, यशवंतरावांच्या समाधीपुढे हात जोडायचे, की लगेच मुलांची भुणभुण सुरू, 'चला ना आता!' मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला मात्र तासभर हाताशी ठेवा आणि कऱ्हाडला लागूनच असलेल्या गोळेश्वरला जाऊन या. तिथं आहे तरी काय, असं विचाराल, तर किल्ला नाही, साड्यांची पेठ तर नाहीच. महादेवाचं देऊळ आहे, आणि एक घर आहे. घराचं नाव 'ऑलिंपिक निवास'.

पैलवान खाशाबा जाधवांचं हे गाव. १९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. दुसरं यायला तब्बल १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. मुलांना शाळेत पेस ठाऊक असतो. खाशाबांचं नाव काढलं की 'कोण हो?' म्हणतात.

आता या पदकाची किंमत किती, सांगा पाहू? कांस्य म्हणजे तांबं आणि कथील. मोडीत घालायला नेलं तर भांडीवाला एखादं पातेलंसुद्धा देणार नाही! पण हेलसिंकीला जायचं तर पैसा हवा होता. गावानं वर्गणी गोळा केली, ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार, बरं का! घर गहाण टाकणं म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. आणि तेसुद्धा पोटच्या मुलासाठी नव्हे, एका विद्यार्थ्यासाठी. त्या घरातल्या बाईंना त्या रात्री झोप आली असेल का, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, तिला सात तास लागले म्हणतात. सत्कार झाले, हार झाले. पण नंतर पैलवानानं कुस्त्यांचे फड लावले ते खर्डीकरांचं घर सोडवायला. आधी देणं फेडलं. मला तर पदकाइतकंच हेही मोठं वाटतं.

पुढे ते पोलीस खात्यात गेले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

पदक मात्र घरीच राहिलं. आणि २०१७ साली वर्तमानपत्रात बातमी आली, की खाशाबांचे चिरंजीव हे पदक लिलावात काढणार! गावात खाशाबांच्या नावानं कुस्ती अकादमी उभारू, असं आश्वासन २००९ साली सरकारनं दिलं होतं. आठ वर्षं वाट पाहून मुलगा म्हणाला, मग पदक विकून आम्हीच उभारतो. ऐकून काहींनी नाकं मुरडली. बापाची आठवण विकायला काढली म्हणे! मला ते पटलं नाही. बायकोच्या अंगावरचं डाग शेतासाठी सावकाराकडे जातं, तेव्हा कुणी तिला दोष देतं का? शेवटी पदक विकलं गेलं नाही, हे बरंच झालं.

पण विकलं असतं, तर घेणारे मिळाले असते. खेळाडूंच्या बॅटी, बूट, सदरे, पदकं जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधलं जेसी ओवेन्सचं एक सुवर्णपदक २०१३ साली अमेरिकेत साडेचौदा लाख डॉलरच्या वर गेलं. या बाजारात धातूला मोल नसतं, मोल असतं ते वस्तू कुणाची आणि कशावरून त्याची, याला. म्हणून तुमच्याही घरात सासऱ्यांचं एखादं पदक किंवा दिराची जुनी हॉकीची काठी असेल, तर तिच्याबरोबरचं पत्र, फोटो, कात्रण कधी रद्दीत टाकू नका. आणि पदक चिंचेनं किंवा राखेनं घासून लख्ख करू नका हं! काळपटपणा हा त्याचा जुनेपणाचा दाखला. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावं, बस्स.

सरकारच्या हवाली का करत नाहीत, असं सहज म्हणून जातो आपण. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं, आणि अंतिम सामन्यात एकट्या बलबीर सिंगांनी पाच गोल केले. त्यांनी १९८५ साली ३६ पदकं, शंभरावर फोटो आणि मेलबर्नच्या ऑलिंपिकमधला कप्तानाचा ब्लेझर संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाला दिला. २०१२ च्या सुमारास चौकशी केली, तर वस्तूंचा पत्ता नाही! २०२० साली ते गेले, तोवर परत काहीच मिळालं नव्हतं. आपण लग्नातला शालू डांबरगोळ्या घालून चाळीस वर्षं सांभाळतो. देशाच्या कप्तानाचा एक कोट सांभाळता येऊ नये?

तर गोळेश्वरला जाऊन या. राहतं घर आहे, संग्रहालय नव्हे, तेव्हा बाहेरूनच पाहावं, दार ठोठावत बसू नये. मुलांना बैलगाड्यांची वाट दाखवा, चालत जा थोडं. आणि पुढे कोल्हापूरला पोचलात की राजाराम कॉलेजवरून रिक्षा घ्या, म्हणजे त्यांना खर्डीकर सरांची गोष्टही तिथल्या तिथेच सांगता येईल.