भुकेचं कौतुक

आमच्याकडे बाई कमी जेवली की तिचं कौतुक होतं. 'हिला काही लागत नाही हो, दोन घास खाल्ले की झालं,' अशी सुनांची तारीफ कोल्हापूरच्या आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, हरतालिका. शिवाय सगळ्यांची पंगत उठल्यावर पातेल्यात जे उरेल त्यावर भागवायची रीत. चाळिशीनंतर मी डाएट नावाच्या प्रकरणात शिरले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, 'तुझी विलपॉवर जबरदस्त आहे बाई.' विलपॉवर कसली? ते घरातलंच वळण होतं. नवीन होता तो फक्त हिशेब : ओट्यावरचा ग्रॅममध्ये तोलणारा काटा आणि मोबाइलमधलं कॅलरीचं अ‍ॅप. आजीच्या उपासाला निदान दाण्याची आमटी आणि भगर असायची. माझ्या डाएटमध्ये तीही नव्हती.

वजन भराभर उतरलं. पहिल्या आठवड्यातली उतरण बघून तर माणूस हुरळूनच जातो. ती बहुतेक पाण्याची असते, हे कोणी सांगत नाही. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काट्यावर चमत्कार दिसतो. पुढच्या महिन्यांत चरबी गेली, आणि तिच्याबरोबर बरंच काही गेलं. न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायला लागले. पाळीचं चक्र विस्कटलं. मे महिन्यात मी ऑफिसच्या एसीत शाल घेऊन बसायचे. मुलाच्या साध्या प्रश्नालाही खेकसून उत्तर द्यायचे. आणि रात्री, सगळे झोपल्यावर, बेसनाच्या लाडवाचे आणि खिम्याचे व्हिडिओ बघत पडायचे. करायचे नव्हते, खायचे नव्हते, नुसते बघायचे. याच काळात लग्नाकार्यात भेटेल तो म्हणायचा, 'काय मस्त बारीक झालीस!' माझ्या आयुष्यात एवढी स्तुती मला दुसऱ्या कुठल्याच कामाबद्दल मिळाली नाही, बँकेतल्या प्रमोशनबद्दलही नाही.

लाडवांचे व्हिडिओ बघणं हा माझाच वेडेपणा असावा, असं वाटत होतं. मग मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात लाखो माणसं उपाशी होती. त्यांना पुन्हा माणसात आणायचं तर कसं खाऊ घालायचं, हे शोधण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४ साली ३६ तरुण निवडले. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून लढायला नकार दिलेली ही धडधाकट मुलं स्वखुशीने अर्धपोटी राहायला तयार झाली होती. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी मिळाल्या आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं गेलं. त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं. पण मी थांबले ते पुढच्या तपशिलांपाशी. त्यांना सतत थंडी वाजायची. चिडचिड व्हायची. इतर सगळ्यांतला रस आटून बोलणं अन्नाभोवतीच घुटमळायचं. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. १९५० साली हे सगळं दोन जाडजूड खंडांत छापून आलं. ज्याला तिथे उपासमार म्हटलं तो आकडा १,५७० होता. माझ्या अ‍ॅपने मला नेमून दिलेला आकडा १,२०० होता. ते जवान पुरुष, मी मध्यमवयीन बाई, त्यांची गरज जास्त, हे मान्य. तरीही हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

माझं वजन तेव्हा उंची-वजनाच्या कोष्टकात अगदी चपखल बसत होतं, आणि तरी रक्तातली साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, 'किती गेलं ते सोडा. काय गेलं ते बघा.' या वाक्याचा अर्थ कळायला पुण्यातल्याच एका संशोधनाचा आधार झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. ती जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी खरी, पण तुटवडा होता तो मुख्यतः स्नायूंचा. कातडीखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, ही आपली जात. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेला शरीरात सगळ्यात मोठी जागा मिळते ती स्नायूंत. अशा देशातल्या बाईने उपाशी राहून आहे तो स्नायूही घालवायचा, आणि लोकांनी तिला शाबासकी द्यायची!

घरामागच्या जिममध्ये मी गेले ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि काहीशी कुरकुरतच. तिथली ट्रेनर विशी-पंचविशीतली मुलगी. माझं वजन किती, किती कमी करायचंय, असलं ती काही विचारेल म्हणून मी तयारीत होते. तिने विचारलं, 'काकू, आज काय खाऊन आलात?' मी म्हटलं, ग्रीन टी. 'मग आज घरी जा. उद्या जेवून या.'

तिच्या या उत्तराने मला आमची तालीम आठवली. माझा भाऊ शाहूपुरीत तालमीला जायचा. त्याला खुराक होता. चुलता त्याला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचा. तिथे डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. घरी बदाम, खारीक, तूप, अंडी. मटण असलं की तिखट घालायच्या आधीचा अळणी रस्सा पहिला त्याच्यासाठी काढला जायचा. वस्तादांचं शास्त्र तीन गोष्टींचं : जोर-बैठका रोज थोड्या थोड्या वाढवायच्या, मेहनतीच्या मानाने पोटात घालायचं, आणि दुपारी गाढ झोपायचं. आजची क्रीडावैद्यकाची पुस्तकंही भार, आहार आणि विश्रांती हेच तीन खांब सांगतात. म्हणजे शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं त्या गावात स्नायू कसा कमवायचा हे ज्ञान घरोघर होतं. फक्त ते घरातल्या निम्म्या माणसांसाठी होतं. भावाचा पेला भरत असताना मी आणि माझी बहीण संकष्टीच्या चंद्राची वाट बघत बसलेलो असायचो.

यावर कोणी तरी हमखास म्हणतं की आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या, त्यांना जिम कशाला लागत होती! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझी आजी आयुष्यभर राबली आणि साठीत काठी घेऊन वाकली. राबणं आणि व्यायाम या वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामात भार हळूहळू वाढतो, मग एक-दोन दिवस त्या स्नायूला सुट्टी मिळते, आणि त्या सुट्टीत, खाल्लेल्या प्रथिनांतून, तो स्नायू दुरुस्त होऊन जरा जाड होतो. कळशीचं वजन रोज तेच. सुट्टी नाही. वर पोटात उरलंसुरलं. त्यातून स्नायू कसा वाढणार, झीज होणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या बायका काही कमी काम करत नाहीत.

जिममधल्या लोखंडाची भीती तशी लवकर गेली. स्क्वॉटमध्ये गुडघे आत पडतात, डेडलिफ्टमध्ये पाठ गोल होते, 'काकू, फॉर्म!' असं ओरडून ती पोरगी ते सुधारून घेते. पहिले काही दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला, एवढंच. खरा व्यायाम घरी होता, जेवणाच्या टेबलावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त. वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. अंड्यात सहा. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. खिचडीत जे असतं ते दाण्याच्या कुटाचं. हे गणित जमवायचं तर घट्ट वरणाची दुसरी वाटी मला घ्यायला हवी होती, आणि तीही इतरांचं होण्याआधी. डाव हातात धरून मी अडखळायचे. आता मुलाला उरेल का, हे विचारल्याशिवाय डाव पातेल्यात जाईना. उपाशी राहणं मला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, 'या वयात एवढं खाऊन काय कुस्ती खेळायचीय?' मी त्यांना बॉस्टनची गोष्ट सांगितली. तिथल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांना मारिया फियाटारोन या डॉक्टर बाईंनी आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९० साली हे प्रसिद्ध झालं. 'नव्वदीच्या?' सासूबाईंनी दोनदा विचारून घेतलं. हल्ली त्या मालिका बघताना जाहिराती लागल्या की खुर्चीवरून हात न टेकता उठतात आणि बसतात. जाहिराती पुष्कळ असल्यामुळे व्यायाम भरपूर होतो.

जिमवाल्यांचं सगळंच मी खरं मानत नाही. 'मसल वाढवा, झोपेतही कॅलरी जळतील,' असं भिंतीवर लिहिलेलं असतं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण तेरा कॅलरी जाळतो. चपातीचा एक तुकडा झाला. आणि नवख्या बाईला तो किलो कमवायला महिने लागतात. बारीक होण्यासाठी म्हणून जी वजनं उचलायला जाईल ती निराश होईल. 'बायका पैलवानासारख्या दिसायला लागतील' ही भीती तर आणखी फोल. त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन आपल्या अंगात पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. दुसरीकडे, जिमच्या आरशासमोर बसलेली काही तरुण मुलं बघते तेव्हा मला माझे काट्याचे दिवस ओळखू येतात. स्पर्धेच्या आधी दंडाच्या शिरा दिसाव्यात म्हणून पाणीसुद्धा तोडणारे शरीरसौष्ठवपटू आणि रात्री दुधीच्या सुपावर झोपणारी बाई, दोघंही उपाशीच. प्रथिनांच्या डब्यावर महिन्याला हजारो रुपये घालवणाऱ्या पोरांना मी अंडी, दूध, हरभरे आणि दाणे सुचवते. ती काकूंचं ऐकून घेतात आणि डबा विकत घेतात.

माझं स्वतःचं सांगायचं तर वजन डाएटच्या काळापेक्षा जास्त आहे, आणि लग्नात आता बारीक झाल्याची तारीफ होत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर मर्यादेत आली. त्यात औषधाचा नाही, व्यायामाचा आणि जेवणाचा वाटा आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीसकट तो तीस किलोच्या आसपास भरतो. तो बाल्कनीतून ओट्याखाली आणायला पूर्वी वॉचमनला हाक मारावी लागे. ती हाक बंद झाली. वॉचमनला थोडं वाईट वाटलंय, कारण चहा बंद झाला.

चाळिशीपुढच्या मैत्रिणींना एवढंच सांगेन : रक्तदाब किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, फॉर्म शिकवणारा माणूस शोधा, दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याला घाबरून सोडू नका. घरात मुलगी वाढत असेल तर तिच्या पानात वरण आधी वाढा. आणि पहिल्या दिवशी जिमला जाल तेव्हा तासभर आधी काही तरी खाऊन जा. केळं चालेल, मूठभर फुटाणे चालतील.