ब्रेक डिस्कच्या सहाव्या बोल्टास अनावृत पत्र

मित्रा,

तुझ्या पाच भावंडांनी कुरकुरत का होईना, रविवारी जागा सोडली. तू मात्र हललाही नाहीस. मी टी-हँडलवर सगळा भार टाकला, 'कट्' असा आवाज आला आणि मला वाटलं, सुटलास. पाहतो तर तुझ्या डोक्यातल्या षटकोनाच्या कडा गोल झालेल्या. चूक माझी होती. ती चारचौघांत कबूल करावी म्हणून हे पत्र.

तू गंजून बसला आहेस असं धरून मी आधी गंज सोडवणारं तेल फवारलं, रात्रभर वाट पाहिली. पण तुझ्या आट्यांत गंज नव्हताच. तिथे थ्रेडलॉकर होता, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो द्रव. 1953 साली अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तो शोधला. हवा मिळते तोवर तो पातळ राहतो, म्हणून त्याची बाटली कधी काठोकाठ भरत नाहीत. घट्ट बसलेल्या आट्यांमध्ये हवा संपली, भोवती धातू असला, की तो प्लास्टिकसारखा कडक होतो. त्यावर तेल ओतून काय होणार?

ब्रेक दाबला की चाक थांबवणारा सगळा जोर डिस्ककडून तुम्हा सहा जणांमार्फत चाकात उतरतो. आपल्या रस्त्यांचे हादरे साध्या बोल्टाला हळूहळू सैल करतात. तू सैल झाला नाहीस, म्हणून मी आजवर सुखरूप घरी आलो. अशा बोल्टाला हट्टी म्हणणं मला आता पटत नाही.

तुला हवी होती उष्णता. कमी पकडीचा निळा लॉकर बहुधा साध्या हत्याराने सुटतो. जास्त पकडीचा लाल मात्र सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो आणि गरम असतानाच बोल्ट फिरवावा लागतो. चाकाचं अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता भराभर ओढून घेतं आणि बेअरिंगचं रबरी सील जवळच असतं, त्यामुळे ज्योत नको. हीट गन फक्त बोल्टाच्या डोक्यावर धरायची. ब्रेक क्लीनर, पेट्रोल लांब ठेवायचं. मी एबीएसचा सेन्सर काढून ठेवला, बिघडलेल्या षटकोनात किंचित मोठा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवला (ते ठोकेही लॉकरची पकड मोडायला मदत करतात), तापवलं आणि एकसारखा जोर दिला. करकरत निघालास. आट्यांवर पांढरा चुरा होता.

वाचकहो, तेल आणि लांब पाइप हाती घेण्याआधी त्या बोल्टाला कारखान्यातच लॉकर लावलेला आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा.

तुला परत बसवणार नाही. डिस्कला नवेच बोल्ट लावावेत. चाकातले आटे चुरा काढून साफ केले, सहाही नव्या बोल्टांना निळ्या लॉकरचा एकेक थेंब लावला, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळले. लॉकर पुरता पक्का व्हायला 24 तास लागतात. तोवर गाडी स्टँडवरच आहे.