निळी मोटार

आश्विनापासून आमच्या घरांत एका निळ्या मोटारीचा विषय चालला होता. चालला होता म्हणजे मी चालवीत होतों, सौ.नें त्यांत ‘हं’ या एका अक्षरापलीकडे फारशी भर घातली नव्हती. मोटार सुबारू कंपनीची, ‘डब्ल्यू. आर. एक्स.’ या जातीची, २०१७ सालची, ५८,००० मैल धांवलेली आणि अर्थातच दुसऱ्यानें वापरलेली. मालकानें किंमत सांगितली होती १९,५०० डॉलर.

आम्ही राहतों तें वूस्टर गांव अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, बॉस्टनच्या पश्चिमेस सुमारें ४० मैलांवर आहे. रोमप्रमाणें आपणहि सात टेकड्यांवर वसलों आहों, असें तें गांव मिरवीत असतें. बॉस्टनला नुसता पाऊस पडावा आणि त्याच ढगांनीं आमच्या दारांत वीतभर बर्फ टाकून जावें, हा येथला दर हिवाळ्याचा अनुभव. सौ. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत आठवड्यांतून तीन रात्री कामाला जाते. आमची मोटार बारा वर्षांची, शांत स्वभावाची आणि पुढच्या दोन चाकांच्या बळावर चालणारी. गेल्या माघांत एके दिवशीं पहांटे सौ. घरीं आली ती पायीं, गुडघ्यापर्यंत बर्फानें माखलेली. मोटार टेकडीच्या पायथ्याशीं बर्फाच्या ढिगांत रुतली होती. त्या दिवसापासून, दोन चाकांच्या बळावर हे चढ चढवत नाहींत, चारी चाकांना जोर पोंचविणारी मोटार आतां घेतलीच पाहिजे, असें मी भेटेल त्याला सांगूं लागलों.

आमच्यासारख्या घरांत सुखाची वस्तु कधीं स्वतःच्या पायांनीं उंबरठा ओलांडीत नाहीं. ती उपयोगाच्या पाठीवर बसून येते. पुण्यास आमच्या घरीं रेडिओ आला तो बातम्यांसाठीं. वडिलांनीं तसें सर्व आळीला सांगितलें होतें. प्रत्यक्षांत बातम्या लागल्या कीं ते संध्येला बसत, आणि क्रिकेटचें धांवतें वर्णन लागलें कीं संध्या लवकर आटोपत असे. हार्मोनियम आली ती बहिणीचें लग्न जमावें म्हणून. लग्नानंतर ती सासरीं गेली नाहीं, आईच्या खोलींत राहिली. तेव्हां बर्फाच्या पाठीवर बसवून मी निळी मोटार दारांत आणूं पाहत होतों, यांत घराण्याची रीत मोडली असें कोणी म्हणूं नये.

बर्फाचेंच कारण खरें असतें, तर त्याहून कमी पैशांत, त्याच कंपनीच्या, चारी चाकांना जोर देणाऱ्या साध्या, सुशील मोटारी गांवांत पुष्कळ मिळत होत्या. पण त्यांचीं चित्रें पाहण्यासाठीं मी रात्रीं जागत नव्हतों.

१९५३ सालीं जपानांतील पांच कंपन्या एकत्र येऊन जो उद्योग उभा राहिला, त्यानें आपल्या मोटारींना ‘सुबारू’ हें नांव दिलें. जपानी भाषेंत तें कृत्तिकांचें नांव आहे. मोटारीच्या तोंडावरच्या बिल्ल्यांत एक मोठी आणि पांच लहान अशा सहा चांदण्या असतात. सहा मातांनीं वाढविलेल्या कार्तिकेयाची कथा ज्यानें आजीच्या मांडीवर ऐकली, त्याला हा बिल्ला परका कसा वाटावा? देवांच्या त्या सेनापतीचें वाहन मोर होता, ही गोष्ट मीं सोईनें बाजूला ठेवली. पुढें कॉलेजांत असतांना एका मित्राच्या घरीं दूरदर्शनसंचावर रॅलीच्या शर्यती पाहिल्या. चिखल, खडी, बर्फ, आणि त्यांतून तिरप्या अंगानें उडत जाणाऱ्या निळ्या मोटारी! १९९५, १९९६ आणि १९९७ अशीं लागोपाठ तीन वर्षें या कंपनीनें त्या शर्यतींचें जगज्जेतेपद मिळविलें. त्यांतल्या पहिल्याच वर्षीं कॉलिन मॅक्रे हा स्कॉटिश चालक तिच्याच मोटारींत बसून जगज्जेता झाला. मी त्या वर्षीं सायकलीवरून कॉलेजांत जात असें, आणि सायकलीचा मागचा ब्रेक लागत नसे.

मोटार पाहावयास गेलों. मालक तिशींतला, सरळ बोलणारा. घरांत लवकरच मूल यावयाचें होतें, म्हणून विकावयाची. मधल्या काळांत मोठ्या आवाजाचा धूर-नळा बसविला होता, तो काढून मूळचा पुन्हा लावला आहे, हेंहि त्यानें न विचारतां सांगितलें. या जातीची मोटार हौशी तरुणांच्या हातीं फार पडते. इंजिनाचें गणित बदलून ते तिची शक्ति वाढवितात आणि विकतांना सर्व जसेंच्या तसें करून ठेवितात. म्हणून अशी मोटार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून घेऊं नये. आपले डोळे त्या वेळीं आपल्या बाजूचे नसतात. मीं २०० डॉलर देऊन ती गांवांतील एका वृद्ध मेकॅनिकला दाखविली.

त्यानें ती वर उचलली आणि बॅटरी घेऊन खालून हिंडूं लागला. या इंजिनाचे चार सिलिंडर उभे नसून दोन डावीकडे, दोन उजवीकडे असे आडवे निजलेले असतात, त्यामुळें वजन जमिनीलगत राहतें. चारींतला दाब त्यानें मोजला, सारखा निघाला. रस्त्यावर टाकलेल्या मिठानें मोटारीचें पोट गंजतें, ही इकडची नेहमींची व्याधि. येथें गंज होता, पण वरवरचा. क्लच अर्धा झिजलेला. मग तो टायरांपाशीं थबकला. तीन टायर झिजलेले होते आणि चौथा कोरा. खिळा रुतल्यामुळें मालकानें तेवढाच एक बदलला होता.

‘साध्या मोटारीला हें चाललें असतें, हिला नाहीं,’ मेकॅनिक म्हणाला. पुढच्या आणि मागच्या चाकांना निम्मा निम्मा जोर वांटून देणारी एक पेटी या मोटारीच्या मध्यभागीं असते. कोरा टायर झिजलेल्यापेक्षां परिघानें मोठा. म्हणून तें चाक तितक्याच रस्त्यांत इतरांहून कमी फेरे घेतें. कोठें तरी चाक घसरत आहे असें त्या पेटीला वाटतें, आणि सरळ, कोरड्या रस्त्यावरहि ती बिचारी रात्रंदिवस तंटा मिटवीत बसते. तापते, आणि अखेर निकामी होते. चारी टायरांच्या परिघांत पाव इंचाहून अधिक फरक चालत नाहीं. येथें तो इंचाहून अधिक होता. त्यानें मोटार मोकळ्या आवारांत नेऊन, चाक पुरतें वळवून, सावकाश गोल गोल फिरविली. कोठें अडली नाहीं. पेटी अजून शाबूत होती. ‘चार नवे टायर घ्या. बाकी मोटार चांगली आहे.’

मला आनंद झाला, आणि आनंदाच्या भरांत मीं त्याला माघांतली गोष्ट सांगितली. त्यानें हात पुसत विचारलें, ‘तुमची पत्नी निघतांना अडकली, कीं थांबतांना?’

‘चढतांना,’ मीं सांगितलें.

‘मग ठीक. कारण चारी चाकांना जोर मिळाला, तर मोटार निघते चटकन्. थांबतांना मात्र प्रत्येक मोटार चारी चाकांनींच थांबते. तेथें इंजिनाचा उपयोग नाहीं, उपयोग रबराचा.’ शिवाय ही जात कारखान्यांतून निघते तीच मुळीं उन्हाळी टायरांवर; तें रबर थंडींत लांकडासारखें होतें. सात अंश सेंटिग्रेडच्या खालीं पारा गेला कीं हिवाळी टायरांचें मऊ रबरच रस्ता धरतें.

रात्रीं जेवतांना मीं हें सर्व सौ.ला सांगितलें. ती ताकाची वाटी खालीं ठेवून म्हणाली, ‘पण मी चढतांना नव्हतें अडकलें. उतरतांना घसरलें. खालीं थांबायचा फलक होता. मीं ब्रेक दाबला, आणि गाडी थांबेचना. बर्फाचा ढीग आडवा आला म्हणून बरें; समोरून बर्फ ढकलणारा ट्रक जात होता. त्याच दिवशीं सांगितलें होतें तुम्हांला.’

सांगितलें होतें खरेंच. मोटार टेकडीच्या पायथ्याशीं होती, हें मलाहि ठाऊक होतें. पण नऊ महिने मी ती गोष्ट घरोघर सांगत हिंडलों, आणि प्रत्येक घरीं माझी मोटार चढत होती. पत्नीवर आलेला जीवघेणा प्रसंग, आणि माझ्या हौसेला जुळावा म्हणून त्याची दिशाच मीं फिरवून टाकली होती! तिच्यासाठीं मोटार घ्यावयाची म्हणतांना तिला काय झालें हें मीं एकदांहि पुन्हा विचारलें नव्हतें. त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमच्या जुन्या मोटारीला चार हिवाळी टायर बसविले. खर्च हजार डॉलरांच्या आंतच झाला. बर्फाचें कारण त्या दिवशीं संपलें, आणि निळी मोटार निराधार उभी राहिली.

आतां हिशेब निराळाच मांडावा लागला. किमतीवर ६.२५ टक्के विक्रीकर, म्हणजे सुमारें १,२०० डॉलर. नवे टायर. विम्याचा वाढता हप्ता. या जातीच्या मोटारीकडे विमेवाले मुळींच मायेनें पाहत नाहींत. पेट्रोल वरच्या प्रतीचेंच लागणार. चिरंजीवांच्या कॉलेजचीं दोन वर्षें अजून भरावयाचीं. तो पैसा मात्र अगोदरच बाजूला काढलेला होता. हें सर्व कागदावर लिहून मीं सौ.पुढें ठेवलें.

‘आणि कारण?’ तिनें विचारलें.

‘कारण कांहीं नाहीं. मला ती आवडते.’

तिनें कागद वाचला, विम्याच्या आंकड्यावर जरा थांबली आणि म्हणाली, ‘हें आश्विनांत सांगितलें असतेंत, तर माझे दोन महिने वांचले असते. घ्या. पण माझ्या रात्रपाळीच्या नांवावर घेऊं नका.’

मालकानें टायरांपोटीं ८०० डॉलर कमी केले. नवे टायर मीं हिवाळीच घेतले. कागदपत्रें पुरीं झाल्यावर थँक्सगिव्हिंगच्या सुटींत घरीं आलेल्या चिरंजीवांनीं आम्हां दोघांना जुन्या मोटारींतून तेथें पोंचविलें. किल्ली मीं हातांत घेतली, तोंच सौ. म्हणाली, ‘मी चालवतें.’ ती मोटार शिकली तिच्या वडिलांच्या फियाटवर, नाशकांत; तिचा गिअर चाकाच्या दांड्याला असे. पायांत क्लच असलेली मोटार तिनें पंचवीस वर्षांत चालविली नव्हती. पहिल्या चौकांत एकदां इंजिन बंद पडलें. नंतर नाहीं. आमच्या टेकडीच्या पायथ्याशीं, त्या फलकापाशीं, ती पूर्ण थांबली. दोन्ही बाजूंना पाहिलें.

‘ही माझ्यासाठीं नाहीं ना घेतली?’

‘नाहीं.’

‘मग चांगली आहे,’ असें म्हणून तिनें गिअर टाकला, आणि आम्ही चढाला लागलों.