बी.एस्सी. अर्धवट, अर्ज मेडिकलचा

माझी भाची साताऱ्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि यंदा तिनं पुन्हा नीटचा फॉर्म भरलाय. नात्यातले लोक दोन प्रश्न विचारतात. डिग्री पूर्ण न करता मेडिकलला अर्ज चालतो का? आणि डॉक्टरच व्हायचं होतं, तर बी.एस्सी.ला पैसे कशाला घातले?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एम.बी.बी.एस.ला पदवी लागतच नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, आणि मेरिट नीटच्या ७२० गुणांवर लागतं. बी.एस्सी.च्या गुणांना तिथं किंमत नाही. कितव्यांदा परीक्षा देताय, यावर बंधन नाही. वयाची वरची अटही २०२२ मध्ये निघाली. अमेरिकेत आधी पदवी, मग मेडिकल. आपल्याकडे तसं नव्हतं. अब्बांच्या काळी अकरावीला मॅट्रिक व्हायची, आणि मेडिकलचा अर्ज कॉलेजात सायन्सची सुरुवातीची वर्षं काढल्यावर. ते सांगलीच्या विलिंग्डनला होते. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, तेव्हा नवंच. ज्यांचा नंबर लागला ते डिग्री सोडून मिरजेला गेले. अब्बांचा लागला नाही. त्यांनी तीच बी.एस्सी. पुरी केली आणि हायस्कुलात मास्तर झाले. वर्ष वाया गेलं असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण तो मुलींनाच जास्त विचारतात. थोडक्यात राहिलेल्या मुलाला घरचे म्हणतात, लातूरला जा, वर्षभर क्लास कर. मुलीवर तेवढे पैसे घालायची तयारी नसते, म्हणून तिनं घरी बसून अभ्यास करायचा. आणि आमच्या मोहल्ल्यात बारावी झालेली मुलगी घरी दिसली की स्थळं सुरू होतात. "अभ्यास करतेय" हे कुणी ऐकून घेत नाही. "कॉलेजात आहे, परीक्षा होऊ द्या" हे मात्र ऐकतात. आपानं त्या एका वाक्यासाठी फी भरली. मला तरी ती महाग वाटत नाही.

त्रास आहेच. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी जर्नल, रात्री नीट. मे महिन्यात नीट, आणि कॉलेजची परीक्षाही त्याच्याच आसपास. शिवाय कागद. टीसी, मार्कलिस्ट कॉलेजात जमा असतात. सीट मिळाली की मूळ कागद थोड्याच दिवसांत हजर करावे लागतात. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीला तिच्या कॉलेजनं उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय टीसी द्यायला नकार दिला होता. म्हणून आधीच विचारून ठेवा, आणि सीट हातात पडेपर्यंत टीसी काढू नका. ओबीसीत असाल, तर नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आत्ताच काढा. आम्ही बागवान, आमचा तहसीलमध्ये चालू आहे.

साताऱ्यात २०२१-२२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, १०० जागांचं. भाचीला मिरज मिळालं तरी चालेल. रेल्वेनं दुपारपर्यंत पोचता येतं. कुठेच नाही लागलं, तर दुसऱ्या वर्षाला झूलॉजी घेणार, हे तिनं आपाला आधीच सांगून ठेवलंय. आपानं तेवढं मान्य केलंय. स्थळं घेऊन येणाऱ्यांनीही जूनपर्यंत थांबावं.