क्षेपणास्त्राची रोजकीर्द

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. "दादा, तू एकदा घरी ये आणि याला चार शब्द सांग. दिवसभर कॉम्प्युटरवर विमाने पाडत बसतो. समोर भगवंतांची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, आणि मध्ये बसून हा माणसे मारतो."

भाचा बारावी सायन्सला. सुट्टीत काम करून मिळालेल्या पैशांत त्याने एक जुना संगणक घेतला होता. वस्तीत मुलांची शिबिरे घेऊन घेऊन उपदेश करण्याची सवय आम्हाला लागलेलीच आहे. पंचशीलातले पहिले शील मनात घोळवीत आम्ही रविवारी सकाळी तिच्या घरी पोचलो.

भाचा खेळात गुंग होता. आमच्यादेखत त्याने एक क्षेपणास्त्र सोडले आणि ते चुकले. आम्ही टोमणा मारला, "एवढा जीव लावून खेळतोस, आणि नेमसुद्धा धड लागत नाही?" त्यावर तो हसून म्हणाला, "मामा, ते चुकते म्हणूनच हा सिम्युलेटर चांगला आहे. पोरांच्या साध्या गेममध्ये सोडले की लागतेच. इथे का चुकले त्याला कारण असते."

कारण असते, हे शब्द ऐकले आणि आमचा उपदेश ओठांवरच राहिला. कार्य आहे तेथे कारण आहे, हे तर आपण विहारात शिकवतो. आम्ही खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. एका रविवारचे तीन रविवार झाले. त्या तीन रविवारांत आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे यंत्र कुठून आले ते पाहू. जमिनीवर बसून उड्डाण शिकवणारे यंत्र अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भातेच वापरून त्यांनी हे यंत्र डोलवले. सुरुवातीला ते जत्रेतले खेळणे समजले गेले. पुढे १९३४ साली टपाल नेताना वाईट हवेत सैन्याचे अनेक वैमानिक मेले, तेव्हा सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. म्हणजे सिम्युलेटर सैन्यात आला तो जीव वाचवण्यासाठी. घरच्या संगणकावर लढाऊ विमाने पुष्कळ नंतर आली. रशियात तयार झालेला 'एसयू-२७ फ्लँकर' १९९५ सालचा, तर अमेरिकेतला 'फाल्कन ४.०' १९९८ सालचा. फाल्कन हौशी मंडळींनी आजवर सुधारत ठेवला आहे, आणि फ्लँकरच्याच परंपरेतला 'डीसीएस वर्ल्ड' आमचा भाचा खेळतो.

आता क्षेपणास्त्राकडे वळू. आमची समजूत अशी होती की क्षेपणास्त्र विमानाचा पाठलाग करते, म्हणजे विमान जिथे दिसते तिकडे तोंड करून धावते. सायकलमागे धावणारा कुत्रा असेच करतो. सायकल पुढे जाते, कुत्रा सारखा वळत राहतो आणि शेवटी मागच्या चाकाच्या मागे पडतो. साध्या खेळांत क्षेपणास्त्र असेच धावते. खरे क्षेपणास्त्र तसे धावत नाही, म्हणून चांगल्या सिम्युलेटरमध्येही ते तसे धावत नाही.

भाच्याने आम्हाला क्रिकेटचे उदाहरण दिले. सीमारेषेकडे जाणारा चेंडू अडवायला हुशार क्षेत्ररक्षक चेंडूच्या मागे धावत नाही. चेंडू जिथे पोचणार तिकडे तो तिरका धावतो. समुद्रावरच्या खलाशांनाही हे ठाऊक असते. दुसरे जहाज आपल्याला सतत एकाच दिशेला दिसत असेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर ठरलेलीच. क्षेपणास्त्र आणि विमान यांना जोडणारी एक रेषा मनात धरा. तिला दृष्टिरेषा म्हणू. ही रेषा न वळता नुसती आखूड होत गेली, की काम झाले. रेषा वळू लागली तर क्षेपणास्त्राने त्याच बाजूला, रेषेच्या तीन ते पाच पट वेगाने वळायचे. नियम एवढाच आहे. त्याला 'प्रपोर्शनल नेव्हिगेशन' असे नाव आहे. अमेरिकेच्या 'लार्क' या क्षेपणास्त्राने १९५० साली हा नियम पाळून मानवरहित विमान गाठले. विमान कुठे जाणार याचे भविष्य क्षेपणास्त्राला वर्तवावे लागत नाही. आत्ता, या क्षणी, आपण किती चुकतो आहोत एवढे पाहायचे आणि चूक दुरुस्त करायची. आम्हाला हा नियम फार आवडला. ज्योतिषावर पैसे उधळणाऱ्या आपल्या काही बांधवांना तो सांगण्यासारखा आहे.

दुसऱ्या रविवारी भाच्याने हे गणित संगणकाच्या कोष्टकात मांडले, आणि आम्ही एकदम घरच्या मैदानात आलो. आम्ही बी. कॉम., आणि नोकरी कारकुनाची. रोजकीर्द आमच्या हाताखालून रोज जाते. सिम्युलेटरचे काम हुबेहूब रोजकीर्दीसारखे चालते. एकेका ओळीत क्षेपणास्त्र कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने जात आहे, याची आरंभीची शिल्लक. मग त्या क्षणातली जमा आणि खर्च. इंजिनाचा जोर ही जमा, हवेचा अडथळा हा खर्च, आणि गुरुत्वाकर्षण क्षेपणास्त्र वर जाताना खर्च तर खाली येताना जमा. शेवटी उरते ती अखेरची शिल्लक, आणि तीच पुढच्या ओळीची आरंभीची शिल्लक. अशा ओळी एका सेकंदात कितीतरी लिहिल्या जातात.

आम्ही दोघांनी मिळून तसे कोष्टक केले. आमचे क्षेपणास्त्र प्रत्येक वेळी विमानाला लागू लागले! विमान कितीही दूर ठेवा, कसेही वळवा, चुकायचे नाव नाही. आम्ही खूश झालो. भाचा मात्र डोके खाजवीत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, आपण खर्चाचा रकानाच लिहिला नाही." खरेच की! जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली.

क्षेपणास्त्राचे इंजिन थोडेच सेकंद जळते. पुढचा सगळा प्रवास साठवलेल्या वेगावर होतो. निवृत्तीच्या वेळी फंडाची रक्कम एकदम हातात येते, पगार मात्र बंद होतो, तशातली ही गत आहे. घरखर्च काही थांबत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय प्रत्येक वळणाचा खर्च वेगळा. जितके जोरात वळाल तितका वेग खाल्ला जाणार. म्हणून अनुभवी वैमानिक लांबून आलेल्या क्षेपणास्त्राला पुनःपुन्हा वळायला लावतो आणि त्याची शिल्लक संपवतो. उंचीचाही प्रश्न आहे. ११ किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी असते. त्यामुळे तेच क्षेपणास्त्र वर लांब जाते आणि खाली लवकर दमते. म्हणजे 'पल्ला इतके किलोमीटर' असा एकच आकडा सांगणारी जाहिरात अर्धवट हिशेब सांगते. हे रकाने भरले, तेव्हा आमचेही क्षेपणास्त्र रीतसर चुकू लागले.

आणखी एक गंमत भाच्याने दाखवली. ध्वनीच्या सुमारे तिप्पट वेग म्हणजे सेकंदाला १००० मीटर. सेकंदाला ५० ओळी लिहिल्या तर एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत क्षेपणास्त्र २० मीटर पुढे जाते. एफ-१६ विमानाची लांबी सुमारे १५ मीटर. म्हणजे विमान दोन ओळींच्या मध्येच सापडून हिशेबातून निसटू शकते! म्हणून दोन ओळींच्या दरम्यान दोघे जास्तीत जास्त किती जवळ आले, हे वेगळे काढावे लागते. खऱ्या क्षेपणास्त्रातही जवळून जातानाच स्फोट घडवणारी कळ असते. ते प्रत्यक्ष आदळलेच पाहिजे असे नाही.

मग आम्ही कारकुनी प्रश्न विचारला, "हे सगळे आकडे आले कुठून? व्हाउचर दाखव." इथे भाचा प्रामाणिक राहिला. हवेचे नियम पुस्तकात आहेत, ते पक्के. पण क्षेपणास्त्राचा डोळा किती तीक्ष्ण, तो किती फसतो, हे देश गुप्त ठेवतात. उष्णता पाहून येणाऱ्या क्षेपणास्त्राला फसवायला विमान जळत्या फुलबाज्यांसारख्या वस्तू सोडते. रडारवर चालणारे क्षेपणास्त्र वेगाच्या फरकावरून विमान आणि जमीन यांत भेद करते. विमान नेमके आडवे उडाले की तो फरक मिटतो आणि विमान जमिनीत मिसळून जाते. हे प्रकार सिम्युलेटरमध्ये घालताना कर्त्याला बऱ्याचदा अंदाजाचा आकडा धरून चिठ्ठी टाकल्यासारखा निकाल काढावा लागतो. म्हणजे वहीतल्या काही नोंदी पावतीच्या, आणि काही अंदाजाच्या.

खुद्द सैन्यालाही हा अनुभव आला आहे. उष्णतेचा माग काढणारे 'साइडवाइंडर' अमेरिकेत विल्यम मॅक्लीन यांच्या चमूने घडवले. १९५३ साली त्याने चाचणीत लक्ष्य गाठले आणि १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीत ते युद्धात वापरले गेले. पण व्हिएतनाममध्ये अमेरिकेची क्षेपणास्त्रे कागदावरच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळा लागली. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी १९६८ मध्ये त्याची चौकशी केली, आणि १९६९ मध्ये नौदलाने वैमानिकांसाठी खास शाळा काढली. मोठमोठ्या सेनांनाही कागद आणि वास्तव ताडून पाहावे लागते. 'या आणि स्वतः पाहा' असे भगवंत म्हणाले, ते काही केवळ विहारापुरते नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही मामा-भाचे कोष्टकात इतके रमलो की चहा निवून गेला. बहीण कप उचलायला आली. तिने पडद्यावरचे रकाने शांतपणे पाहिले आणि विचारले, "दादा, एवढे सगळे लिहिले तुम्ही. वेग लिहिला, हवा लिहिली, वळण लिहिले. मग मेलेला माणूस कुठल्या रकान्यात आहे?"

आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही.

मालुंक्यपुत्ताला भगवंतांनी सांगितलेली विषारी बाणाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. बाण लागलेला माणूस म्हणतो, हा बाण कोणी मारला, तो कोणत्या वर्णाचा, धनुष्य कशाचे, पिसे कोणत्या पक्ष्याची, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. आम्ही तीन रविवार बाणाचीच चौकशी करीत होतो. चौकशी वाईट नव्हती. पण ज्याला बाण लागतो तो आमच्या वहीतून गळाला होता. सिम्युलेटरमध्ये एक ठिपका नाहीसा होतो आणि गुण वाढतात. खऱ्या विमानात मात्र कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

भाच्याने मान खाली घालून विचारले, "मामा, आपल्या देशाने 'अस्त्र' बनवले. २०१४ साली सुखोई विमानातून ते सोडले. उद्या शिकून मला तसल्या कामात नोकरी मिळाली तर करायची की नाही?"

प्रश्न सोपा नाही. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे भगवंतांनी सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. दुसरीकडे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने पाळायचे तत्त्व आहे असे सांगितले. बाबासाहेबांचे वडील स्वतः सैन्यात सुभेदार होते. आम्ही भाच्याला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. एवढेच सांगितले, "निर्णय तुझा तू घे. पण ज्या दिवशी घेशील त्या दिवशी तुझ्या आईचा प्रश्न समोर ठेव. गरज म्हणून आहे की इच्छा म्हणून आहे, हे कोणी दुसरा ठरवणार नाही."

बहिणीचे समाधान पूर्ण झालेले नाही. तिने एक अट मात्र घातली, आणि भाच्याने ती मान्य केली. आता रविवारी संध्याकाळी तो विहारातल्या मुलांना दृष्टिरेषेचे गणित क्रिकेटच्या चेंडूवर शिकवतो. आठवीतल्या एका मुलीने परवा विचारले, "दादा, वाऱ्याचा रकाना कुठे आहे?" ते ऐकून आमचा ऊर भरून आला.

पालकांना आमची विनंती एवढीच. मूल पडद्यासमोर बसलेले दिसले की वीज बंद करण्याआधी खुर्ची ओढून शेजारी बसा. ते नुसते खेळते आहे की कारण शोधते आहे, ते पाहा. कारण शोधत असेल तर त्याला वही द्या. आणि त्या वहीत माणसाचा रकाना आहे ना, हे मात्र विचारायला विसरू नका. जयभीम.